सही केली, म्हणून हक्क संपत नाही
वाचकांचे प्रश्न : कामावरचे अपघात आणि भरपाई

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं कामावरच्या अपघातांची आहेत. त्यातली चार निवडली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य कुठे ना कुठे आहे: ‘चूक माझीच होती, असं सगळे म्हणतात.’ हे वाक्य वाचलं की मला राग येतो. लिहिणाऱ्याचा नाही, ज्यांनी ते त्याच्या तोंडी बसवलं त्यांचा. कामगारांच्या नुकसानभरपाईचा मूळ कायदा 1923 सालचा, आणि चूक कोणाची यावर त्यातली भरपाई ठरत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली का, एवढंच तो बघतो. अपवाद मोजके आहेत, ते पुढे येतीलच.

पहिलं पत्र : वकीलताई, नमस्कार. मी अंबडला एका छोट्या प्रेसशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होतो. आम्ही सगळे मिळून सात जण. वय 35, पगार 14 हजार, निम्मा खात्यावर आणि निम्मा रोख. गेल्या ऑगस्टमध्ये रात्रपाळीला डायमधून, म्हणजे साच्यातून, पीस काढताना प्रेसचा स्ट्रोक पडला आणि उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, पण प्रॉडक्शन निघावं म्हणून एक बटण कायम पट्टी लावून दाबून ठेवलेलं असायचं. सुपरवायझरला माहीत होतं. शेठनी खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं, आणि तिथेच स्टॅम्पपेपरवर सही घेतली: अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, 50 हजार मिळाले, आता काही मागणं नाही. डिसेंबरपासून मला घरी बसवलंय. शेठ तसे वाईट नाहीत. आणि सही तर मीच केली आहे. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, भाऊ. आधी त्या सहीबद्दल बोलू, कारण तुमचा सगळा धीर तिथेच खचलेला दिसतो.

भरपाईचा हक्क सोडून देण्याचा किंवा कमी करण्याचा कोणताही करार, मग तो स्टॅम्पपेपरवर असो की साध्या कागदावर, याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दबातल ठरतो. मालक आणि कामगार यांच्यात भरपाईची तडजोड झालीच, तर ती कामगार न्यायालयातल्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. तुमच्या शेठनी नोंदवलेली दिसत नाही. अशा वेळी कलम 29 लागू होतं: मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त रक्कम आयुक्तांच्या आदेशाशिवाय वळती करून घेता येत नाही. म्हणजे तुम्हाला मिळालेल्या 50 हजारांपैकी फार तर 25 हजार वजा होतील. दवाखान्याचं बिल वेगळं. उपचाराचा खरा खर्च मालकानेच करायचा असतो, तो भरपाईत मोजत नाहीत.

आता आकडा. तुमच्याकडे सातच माणसं, म्हणजे ईएसआयची (कामगार विमा योजनेची) दहा माणसांची अट भरत नाही, म्हणून तुमचा दावा भरपाईच्या कायद्याखाली. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या 60 टक्के गुणिले वयानुसारचा गुणक, असा हिशोब असतो. 35 व्या वर्षाचा गुणक 197.06 आहे. 14 हजारांचे 60 टक्के 8,400, त्याला गुणकाने गुणलं की 16,55,304 रुपये. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं धरलेलं आहे. म्हणून तुमचे 3,31,060 रुपये होतात. त्यावर, देय झाल्यापासून महिन्याच्या आत न दिल्याबद्दल 12 टक्के सरळ व्याज. आणि मालकाने सबळ कारण नसताना अडवून धरलं असं आयुक्तांना वाटलं, तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड, तोही तुम्हालाच मिळतो. ज्या पन्नास हजारांवर तुमची सही घेतली, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्या. उरलेली बोटं पूर्ण मिटतात का? मूठ वळते का? बोटं तुटलेल्या हातात शेजारची बोटंही आखडतात आणि कामगार ते सांगतच नाही, कारण ‘गेली ती दोनच’ असं त्याच्या मनात असतं. आखडलेल्या बोटाचं नुकसान वेगळं मोजता येतं आणि एकाच अपघातातल्या इजांची टक्केवारी एकत्र धरली जाते. सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखलाही काढा, तो इतर योजनांना लागतो. फक्त त्यावरची टक्केवारी शरीराची असते. कामगार न्यायालय बघतं ते कमाईच्या क्षमतेकडे, आणि हे दोन आकडे वेगळे निघू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकात एका सुताराचा खटला निकाली काढला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं गेलं. आजही अशा दाव्यांत तो निकाल पुढे ठेवला जातो.

पट्टी लावलेल्या बटणाचं काय? शेठचे वकील तिथेच बोट ठेवतील. सुरक्षेचा नियम किंवा साधन कामगाराने जाणूनबुजून धुडकावलं तर मालक भरपाई नाकारू शकतो, हे खरं. (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही कारण चालत नाही.) पण ते सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. बटण दाबून ठेवण्याची रीतच त्या शॉपची होती, सुपरवायझर रोज बघत होता, प्रॉडक्शनचा तगादा होता. मग त्याला तुमचा हट्ट कसा म्हणायचा? त्या पाळीला जे दोघे-तिघे होते त्यांच्याशी बोला. ते अजून तिथेच कामाला असतील तर घाबरतील, त्यांच्यावर चिडू नका. काम सोडून गेलेला एखादा जुना ऑपरेटरही हीच रीत होती असं सांगू शकतो.

कागद कोणते जमवायचे, ते सांगते. दवाखान्यातली केसपेपरची पूर्ण नक्कल लेखी अर्ज देऊन मागा. डॉक्टरांनी ती 72 तासांत द्यायची असते. ती हातात आली की पहिल्या पानावर ‘इजा कशी झाली’ या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. खासगी दवाखान्यात नेताना सोबतचा माणूस ‘दारात बोटं सापडली’ असं सांगतो, आणि मशीनचा उल्लेख कुठेच राहत नाही. तसं लिहिलेलं असेल तरी दावा बुडत नाही, पण मग साक्षीदार जास्त महत्त्वाचे होतात. पगाराची स्लिप नसेल तर खात्यावर येणारी निम्मी रक्कम, ड्यूटीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, गेटवरची नोंद, युनिफॉर्म, जे असेल ते. रोख निम्म्याचा पुरावा सोबतच्या कामगारांच्या तोंडून येतो. आणि शेठकडे उरलेल्या माणसांना सांगते: यापुढे कुणाला मशीनवर लागलं, तर दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना ‘मशीनवर, ड्यूटीवर’ हे शब्द जखमी माणसाने स्वतः सांगायचे. बेशुद्ध असेल तर सोबत्याने.

शेठना रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह नोटीस द्या. अपघातापासून दोन वर्षांत, म्हणजे ऑगस्ट 2027 च्या आत, कामगार न्यायालयात आयुक्तांपुढे अर्ज व्हायला हवा. इतके दिवस थांबू मात्र नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात गेला, पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा आहे, म्हणून हिशोब जुन्या कायद्यानेच. नवा कायदा आला, तुमचं सगळं संपलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. दवाखान्याच्या दारात भेटून ‘मिळतील त्यातले इतके टक्के’ ठरवणाऱ्यांपासून लांब राहा. भरपाईच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलाला नियमानेच मना आहे.

राहिले शेठ. ते चांगले असतील, मी मानते. बिल त्यांनी भरलं, ही गोष्ट लहान नाही. म्हणून नोटीस देण्याआधी त्यांना एकदा सरळ विचारा, ‘शेठ, कामगारांची विमा पॉलिसी काढलेली आहे का?’ बऱ्याच छोट्या शॉपवाल्यांनी ती काढलेली असते, आणि असली तर भरपाईचे पैसे विमा कंपनी देते. तुमच्या दाव्याने त्यांचं दुकान बंद पडेल ही भीती मग उरणार नाही. पॉलिसी नसली तरीही तुमचा हक्क तोच आहे. शेठच्या चांगुलपणावर तुमच्या मुलांची फी भरता येणार नाही.

दुसरं पत्र : मी सातपूरला राहते. माझे मिस्टर ठेकेदाराकडून एका कंपनीत हेल्पर आहेत. पगार 18 हजार. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांच्या पायावर जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, पडला, पंजाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पगारातून ईएसआय कापत नव्हते. अपघातानंतर दोन दिवसांनी ठेकेदाराने ईएसआय नंबर काढून दिला आणि सांगितलं की अपघाताची तारीख पुढची सांगा. आता कंपनी म्हणते ठेकेदाराकडे जा, ठेकेदार म्हणतो ईएसआयकडे जा. ईएसआयचे पैसे घेतले तर कंपनीकडून भरपाई मिळेल का?

ताई, तारीख खोटी सांगू नका. ठेकेदाराने शिकवलं असलं तरी नाही. दवाखान्यातले कागद खरी तारीख सांगतातच, आणि पुढे ईएसआयच्या मेडिकल बोर्डासमोर तुमचंच बोलणं लटकं पडेल.

आणि खोटं बोलायची गरजही नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात 21 हजारांपर्यंत पगार असलेला कामगार कामावर रुजू झाल्या दिवसापासून विमेदार धरला जातो. नोंदणी मागाहून झाली तरी अपघाताचे लाभ मिळतात, असं सर्वोच्च न्यायालयाने आधीच स्पष्ट केलं आहे. मालकाने वर्गणी भरली नाही तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ते पैसे मालकाकडून वसूल करू शकतं. ती भांडणं त्या दोघांची. ठेकेदाराच्या माणसांच्या वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते, त्यामुळे ‘ठेकेदाराकडे जा’ हे उत्तर कंपनीने देण्यात अर्थ नाही.

मिस्टर कामावर जाऊ शकत नाहीत तोवर रोजच्या सरासरी वेतनाच्या 90 टक्के मिळतात. 18 हजार पगार म्हणजे दिवसाला साधारण 540 रुपये. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट खंड न पडता चालू ठेवा. एक आठवडा चुकला की तेवढे दिवस वादात पडतात. अपघाताचा अहवाल मालकाने पाठवला का, ते ईएसआयच्या शाखेत जाऊन स्वतः बघा, आणि पाठवला नसेल तर तुम्हीच लेखी कळवून पोच घ्या. हाड जुळल्यावर पायात कायमचं अधू राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात महिन्याची रक्कम आयुष्यभर मिळते, पुढे ते पुन्हा कामाला लागले तरीसुद्धा. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. पंजा बरा झाला, आता बोर्डाकडे कशाला, म्हणून घरी बसलेली माणसं मी बघितली आहेत. लंगडत चालत होती.

ईएसआयचे लाभ लागू असताना त्याच इजेसाठी 1923 च्या कायद्याची भरपाई वेगळी मागता येत नाही. दोन्ही मिळणार नाहीत, हे स्पष्ट ठेवा. तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असलेल्या काळात मालकाने कामावरून काढणंही कायद्याला मंजूर नाही. तसं पत्र आलं तर ते जपून ठेवा आणि मला पाठवा.

तिसरं पत्र : आम्ही पेठ तालुक्यातले. ऑक्टोबर 2025 मध्ये छाटणीच्या वेळी माझे वडील निफाडकडे द्राक्षबागेत मुकादमामार्फत गेले होते. वय 50, रोज 400. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी चालू असताना फिरत्या शाफ्टमध्ये त्यांचा पंचा अडकला आणि ते जागेवरच गेले. गावात बैठक बसली, बागायतदाराने एक लाख दिले आणि आईचा अंगठा घेतला. शेतमजुराला भरपाईचा कायदा नसतो, असं मुकादम सांगतो. खरं आहे का?

खरं नाही. तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. ट्रॅक्टरवरून ब्लोअर फिरवणाऱ्या त्या शाफ्टवर प्लास्टिकचं संरक्षक आवरण यायचं असतं. बागांमधून ते निघालेलं, तुटलेलं दिसतं आणि कुणी परत बसवत नाही. त्यावर मी कितीही लिहिलं तरी कमीच आहे.

शेतमजूर सरसकट कायद्याबाहेर नाही. 1923 च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्रॅक्टर किंवा यंत्राने होणारी शेती आहे, आणि कीटकनाशकांची फवारणी हे काम तर नाव घेऊन लिहिलेलं आहे. तुमचे वडील या दोन्हींत बसतात. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या 50 टक्के गुणिले गुणक. पन्नाशीचा गुणक 153.09. रोज 400 आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर वेतन 10,400, त्याचे निम्मे 5,200, आणि भरपाई 7,96,068 रुपये. अंत्यविधीचे 5 हजार वेगळे. महिन्याला किती दिवस काम होतं यावर बागायतदार वाद घालेल. मग त्याच भागात तेच काम करणाऱ्या मजुराला काय मिळतं, ते बघितलं जातं.

बैठकीतल्या एक लाखाबद्दल. कामगाराच्या मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. फक्त तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल वजा होऊ शकते, म्हणजे तुमच्या बाबतीत 31,200 रुपये. कायदा असा लिहिला त्याचं कारण तुमच्या आईचा अंगठा ज्या तऱ्हेने घेतला त्यात आहे. घरात सुतक चालू असताना बाई काय बोलणार?

अर्ज आईच्या आणि सगळ्या अवलंबित भावंडांच्या नावाने करा. तुम्ही पेठला राहता, त्यामुळे तुम्ही राहता त्या भागासाठी नेमलेल्या आयुक्तांपुढेही तो करता येतो, निफाडच्या बाजूला खेटे घालायची सक्ती नाही. आई महिला आहे, त्यामुळे मोफत वकिलाचा तिला हक्क आहेच. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मुकादमाच्या वहीतली हजेरी या तीन गोष्टी आधी मिळवा. मुकादमाला उलट करू नका, त्याची वही हवी आहे. आणि कामगाराला इजा होवो की त्याचा मृत्यू होवो, मुकादम मध्ये आहे म्हणून बागायतदाराची जबाबदारी टळत नाही.

आणखी एक, आणि हे घरी आजच बघा. पेठला वडिलांच्या नावावर सातबारा आहे का? असेल तर ते स्वतः शेतकरी होते, आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूसाठी 2 लाख रुपयांची तरतूद आहे. ते बागायतदाराच्या भरपाईपेक्षा वेगळं. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ताबडतोब चौकशी करा, आधीच उशीर झाला आहे.

चौथं पत्र : मी सिन्नरच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, पगार 24 हजार, ईएसआय नाही. यंदा जानेवारीत सकाळच्या पाळीला स्कूटीवरून जाताना पुणे रोडवर टेम्पोने उडवलं. खांद्याचं हाड मोडलं. कंपनी म्हणते गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही.

संबंध आहे. घरातून ड्यूटीला जाताना किंवा ड्यूटीवरून परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि काम यांचा धागा जुळत असेल तर, कामावरचाच धरायचा, असं नव्या संहितेत थेट लिहिलेलं आहे. त्याआधी जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं होतं. तो खटला आपल्याच राज्यातल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराचा होता, पहाटे ड्यूटीला निघालेला असताना रस्त्यात गेला.

पण तुमच्यासमोर दोन वाटा आहेत आणि एकच घेता येते: कंपनीकडून कामगार म्हणून भरपाई, किंवा टेम्पोच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा. कंपनीकडच्या वाटेत टेम्पोवाल्याची चूक दाखवावी लागत नाही, मात्र तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंतच मिळतात. न्यायाधिकरणात बुडालेला पूर्ण पगार, उपचार, वेदना, पुढचं नुकसान असं सगळं मागता येतं, पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. टेम्पोचा नंबर मिळाला असेल, गुन्हा नोंदलेला असेल, तर मी तुम्हाला न्यायाधिकरणाची वाट सुचवेन. ती अपघातापासून सहा महिन्यांच्या आत धरा, म्हणजे जुलै उजाडायच्या आत अर्ज दाखल हवा. टेम्पो पळून गेला असेल तर कंपनीविरुद्ध जा, आणि त्या दिवशीच्या पाळीचं वेळापत्रक व आदल्या महिन्याची पंचिंगची नोंद आत्ताच लेखी मागून घ्या.